पासवर्ड टाकताना पाठ फिरवणाऱ्या बाई

आमच्या कॉलेजच्या संगणक कक्षाच्या प्रमुख बाई होत्या. त्यांना 'मॅडम' म्हटलेलं चालायचं नाही. आमच्या पहिल्याच आठवड्यात एक मुलगा त्यांना म्हणाला, "मॅडम, नेट बंद पडलंय." बाई म्हणाल्या, "मॅडम दुकानात म्हणतात, गिऱ्हाइकाला. मी इथे साडी घ्यायला आलेले नाही. बाई म्हण. आणि नेट बंद पडलेलं नाही, तुझ्या पायानं वायर निघालीये." तेव्हापासून अख्खं कॉलेज त्यांना बाई म्हणायचं. फक्त प्राचार्य मॅडम म्हणायचे. त्याचा राग बाईंनी कॉलेज सोडेपर्यंत धरला.

बाईंबद्दल लिहायचं म्हणजे रागाबद्दलच लिहावं लागतं. आधी त्यांचा होता, आता माझा आहे. लोक मला सांगतात, इतकी वर्षं झाली, सोडून दे. मला सोडायचा नाही.

त्या सदाशिव पेठेतून लुनावर यायच्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत डबा, चष्म्याचं घर आणि वायर दाबायची पक्कड. सर्व्हर ठेवलेली खोली कॉलेजातली एकमेव थंड खोली, आणि बाई दिवसभर तिथेच बसत. त्यामुळे मे महिन्यातही अंगात मरून रंगाचा लोकरी स्वेटर असायचा. कुठे वायर तुटली म्हणून फोन आला की त्या तोच स्वेटर घालून उन्हातून तरातरा निघायच्या. मुलं हसायची. बाईंना ते दिसायचं, पण स्वेटर काढायला त्यांना वेळ नसायचा.

आणखी एक सवय होती. कुणीही पासवर्ड टाकायला लागलं की बाई पाठ फिरवायच्या. नुसती मान वळवायच्या नाहीत, तर अख्ख्या वळून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. तुम्ही "झालं, बाई" म्हणेपर्यंत वळायच्या नाहीत. एकदा प्राचार्यांनी त्यांना आपल्या केबिनमध्ये बोलावलं. पासवर्ड टाकून झाल्यावर ते सांगायचे विसरले आणि फोनवर बोलत बसले. बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून तशाच उभ्या. शेवटी शिपायानं सांगितलं, "सर, बाई थांबल्यात."

आणि त्यांचं 'आपण'. बाईंचा मूड बरा असला की त्या विद्यार्थ्याला 'तू' म्हणत. 'अहो' म्हणाल्या तर काहीतरी बिनसलंय. 'आपण' म्हणाल्या की समजायचं, आता आपलं काही खरं नाही.

तेव्हा पुण्याच्या आसपास जो तो इंजिनियरिंगची कॉलेजं काढत होता. हडपसरकडे आयटी पार्कच्या काचेच्या इमारती उठत होत्या आणि आमच्यासारखी यवतमाळ-नांदेडकडची मुलं त्या काचांकडे बघून पुण्यात येत होती. प्रत्येक कॉलेजच्या माहितीपुस्तिकेवर छापलेलं असायचं, 'वसतिगृहात चोवीस तास इंटरनेट'. आमच्याकडे ते खरं होतं, ते बाईंमुळे. मुलांच्या आणि मुलींच्या वसतिगृहांत त्यांनी स्वतः उभं राहून वायर टाकून घेतली होती. सगळे संगणक एकाच जाळ्यात. त्या जाळ्यावर मुलं काय करायची? गाणी आणि सिनेमे वाटायची. त्यासाठीचं एक फुकट सॉफ्टवेअर हातोहात फिरायचं. ते चढवलं की दुसऱ्याच्या संगणकातली गाणी तुम्हाला मिळायची आणि तुमच्यातली त्याला.

बाईंना त्या सॉफ्टवेअरचा मनस्वी संताप यायचा. दर वर्षी नव्या मुलांना सभागृहात बसवून त्या त्यावर बोलायच्या. आमच्या वर्षी त्यांनी पहिल्या रांगेतल्या एका मुलाची सॅक मागितली, चेन उघडली आणि सॅक शेजारच्याकडे दिली. "आत बघ, हवं ते घे, पुढे दे." मुलगा उठून उभा राहिला. "बाई, माझी आहे ती."

"मग? तुला गाणं हवं होतं ना? दुसऱ्याच्या सॅकमध्ये हात घालताना आपलीही उघडी ठेवावी लागते. त्या सॉफ्टवेअरला तुझं गाणं कुठलं आणि तुझं खासगी कुठलं, हे कळत नाही. तू जे दाखवशील ते सगळं ते वाटतं. आणि काय दाखवलंस ते तुलाच माहीत नसतं, कारण तू वाचत नाहीस, नुसतं नेक्स्ट, नेक्स्ट दाबतोस." मग व्हायरसचं सांगितलं. आदल्या वर्षी एकानं गाणं म्हणून काहीतरी उतरवलं आणि शेवटच्या वर्षाच्या एका गटाचा प्रोजेक्ट त्यात साफ पुसला गेला होता. आम्ही ऐकलं, हसलो आणि जेवायला गेलो.

तिसऱ्या वर्षाला मी आणि वैशाली एका खोलीत होतो. वैशाली नांदेडची. संगणक तिचा, पण वापरायचो दोघी. मला तेव्हा अंगावर कोड उठलं होतं. पाठीवर, कमरेवर, पोटावर पांढरे डाग. कपड्यांखाली झाकले जात होते, म्हणून वैशाली आणि घरचे सोडून कुणाला माहीत नव्हतं. सदाशिव पेठेतल्या त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दर महिन्याला एकाच उजेडात फोटो काढत जा, म्हणजे औषध लागू पडतंय का ते कळेल. वैशाली तिच्या मामाचा डिजिटल कॅमेरा आणून माझे फोटो काढायची. ते आम्ही संगणकात ठेवायचो आणि डॉक्टरांना सीडीवर नेऊन द्यायचो.

वर्गातल्या एका मुलानं वैशालीला ते सॉफ्टवेअर दिलं. तिनं ते चढवलं. कुठलं फोल्डर वाटायचं असं विचारलं असणार, आणि तिनं नेक्स्ट दाबलं असणार. आमची अख्खी डिस्क उघडी झाली.

मला हे कळलं ते असं. कँटीनमध्ये पोह्यांची बशी घेऊन मी टेबलाशी आले, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "नकाशा आला." दोनचार जण हसले. मला वाटलं, त्यांचं आपसात काही असेल. दुसऱ्या दिवशी जिन्यात तेच. मग प्रयोगशाळेच्या फळ्यावर कुणीतरी भारताचा नकाशा काढून त्याखाली माझा रोल नंबर लिहिला. तेव्हाही मला कळलं नाही. शेवटी मेकॅनिकलच्या एका मुलीनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तुझे फोटो मुलांच्या वसतिगृहात फिरतायत. त्या फाइलला त्यांनी काय नाव दिलं होतं ते तिनं सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

मी बाईंकडे गेले, कारण दुसरं कुठे जायचं ते सुचलं नाही. त्या स्वेटर घालून डबा खात होत्या. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"शेअर काय केलं होतंत?"

"माहीत नाही, बाई. वैशालीनं..."

"माहीत नाही. पहिल्या वर्षी घसा फोडून सांगितलं, तेव्हा दोघी कुठे होतात?"

मी रडायला लागले. "रडायचं तर बाहेर जाऊन रड," बाई म्हणाल्या. "इथे मशिनं आहेत."

त्या क्षणी मला त्यांचा जितका तिटकारा आला तितका त्या मुलांचाही आला नव्हता. मी जायला वळले.

"कुठे निघालीस? बस. आता फाइलची नावं आणि साइज सांग. फोटोत काय आहे ते सांगू नकोस."

"पण बघितल्याशिवाय तुम्हाला कळणार कसं?"

"मला बघायची गरज नाही." मग डब्याचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "मी ट्रंक ऑपरेटर होते. टेलिफोन खात्यात. घरोघरी थेट बाहेरगावी फोन लागायला लागले आणि आमची गरज संपली, मग हे शिकले. तेव्हा लाइन जोडली गेली का हे बघायला क्षणभर ऐकावं लागायचं. कुणी मेलंय, कुणाचं लग्न मोडलंय, कुणी नवऱ्याला सोडून निघालीये, सगळं कानावर यायचं. आवाज लागला की आपण बाहेर पडायचं. आयुष्यभर अर्ध्या महाराष्ट्राची बोलणी माझ्या कानापाशी होती आणि मी ऐकली नाहीत. ही पोरं इंजिनियर होणार आहेत. यांना एक फाइल न उघडणं जमत नाही?"

उठून त्यांनी नेटच्या वायरी जोडलेलं कपाट उघडलं आणि मुलांच्या वसतिगृहाची वायर उपटून काढली. थोड्याच वेळात टेबलावरचा फोन वाजायला लागला. बाई प्रत्येकाला एवढंच म्हणत होत्या, "बंद आहे. खोल्या साफ झाल्या की चालू होईल."

त्यांनी खरोखरच खोल्या साफ केल्या. वसतिगृहाच्या रेक्टरना बरोबर घेऊन त्या एकेक खोलीत गेल्या. मुलांना भिंतीशी उभं करायचं, साइजवरून फाइल शोधायची, न उघडता पुसायची, आणि कचरापेटीतूनही काढायची. ज्या संगणकावरून ते सगळीकडे गेलं तो आमच्या वर्गातल्या टॉपरचा निघाला. नवं नावही त्यानंच दिलं होतं. तिथे काय झालं ते रेक्टरनी नंतर वैशालीला सांगितलं.

"बाई, मला ते कुणीतरी पाठवलं," टॉपर म्हणाला.

"आपण उघडून पाहिलंत?"

"हो, म्हणजे चुकून."

"आपण त्याला नाव दिलंत, तेही चुकून? आपण ते मित्रांना दिलंत, तेही चुकून?"

बाईंनी फाइल पुसली आणि पुढच्या खोलीत गेल्या.

सगळं झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. "इथलं काढलं. किती जणांनी सीडीवर घेतलं, किती जणांनी बाहेर पाठवलं, ते मला माहीत नाही. जे गेलं ते परत येत नाही. मी तुला खोटं सांगणार नाही."

बाकी सगळे मला सांगत होते, लोक विसरतील. खोटं न बोललेल्या फक्त बाईच.

मग प्राचार्यांनी माझ्या बाबांना यवतमाळहून बोलावून घेतलं. रात्रभर एसटीत बसून आलेले बाबा केबिनमध्ये खुर्चीच्या कडेवर टेकले होते. प्राचार्य अगदी गोड बोलत होते. "मुलगी हुशार आहे हो तुमची. पण असे फोटो संगणकावर ठेवायचे कशाला? जरा समजवा तिला. महिनाभर घरी न्या, वातावरण निवळेल. आमच्याकडे पुढच्या आठवड्यात मान्यतेसाठी समिती येतेय."

"डॉक्टरनं सांगतलं म्हून काढले फोटो, साहेब," बाबा म्हणाले.

"हो हो, कळतं मला. पण ही वयंच तशी असतात. आणि त्या मुलाचं कंपनीत सिलेक्शन झालंय. आपल्या कॉलेजातलं यंदाचं पहिलं. एका चुकीपायी त्याचं करिअर..."

दार उघडून बाई आत आल्या. उघड्या दारावरही टकटक करणाऱ्या बाई न विचारता आल्या.

"आपण हिला घरी पाठवताय?"

"मॅडम, तुम्हाला बोलावलेलं नाही."

"माहीत आहे. ज्यानं केलं तो वर्गात बसणार आणि हिनं यवतमाळला जायचं. शिक्षा कुणाला चालली आहे, तेवढं मला समजावून सांगा."

"शिक्षा वगैरे काही नाही. तुम्ही आधी नेट चालू करा. समितीला वसतिगृहात नेट बंद दिसलं तर काय सांगायचं?"

"ते मी सांगते. का बंद आहे ते सविस्तर सांगते."

प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला मात्र काही बघावंसं वाटत नव्हतं. सगळे माझ्या पाठीबद्दल बोलत होते आणि मी तिथेच बसले होते.

बाहेर पॅसेजमध्ये बाई बाबांना म्हणाल्या, "पोलिसांत तक्रार द्या. मी येते बरोबर."

"पोलिसात गेलो तं पेपरात येईन, बाई. पोरीचं लगन व्हायचं आहे."

"तुम्ही घाबरता म्हणून ते घाबरत नाहीत." बाईंचा आवाज चढला. "मुलीच्या लग्नाची काळजी आहे आणि मुलीची नाही?"

बाबांनी मान खाली घातली. माझ्या डोक्यात सणक गेली. आठवडाभर साठलेलं सगळं मी बाईंवर काढलं. "नाव माझं जाणार आहे, बाई, तुमचं नाही. माझ्या बाबांना तुम्ही एक शब्द बोलायचं काम नाही. प्राचार्य मला घरी पाठवतायत, तुम्ही पोलिसांत पाठवताय. मला काय पाहिजे ते कुणी विचारलंय?"

बाई बाबांकडून माझ्याकडे वळल्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. काय पाहिजे तुला?"

"मला उद्या प्रॅक्टिकलला बसायचंय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तुयाच्यानं होईन?"

"होईन," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा शेवटच्या बाकावर बाई बसलेल्या. मरून स्वेटर, मांडीवर वायरींचं भेंडोळं, हातात पक्कड. शिकवणाऱ्या सरांनी विचारलं तर म्हणाल्या, "इथलं कनेक्शन तपासायचंय. तुमचं चालू द्या." ते कनेक्शन तपासणं सत्र संपेपर्यंत चाललं. आमच्या पाठोपाठ त्या प्रयोगशाळेतही यायच्या. माझ्याशी एक शब्द बोलायच्या नाहीत. वर्गात 'नकाशा' हा शब्द पुन्हा ऐकू आला नाही. जिन्यात आणि कँटीनमध्ये यायचा. तिथे मी एकटीच असायची, आणि मी थांबून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायला शिकले.

खोल्या साफ झाल्या होत्या, पण त्या मुलाला शिक्षा झाली नव्हती, म्हणून नेट बाईंनी चालू केलंच नाही. समितीच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी बाहेरचा माणूस आणून कपाटाचं कुलूप तोडलं आणि वायर जोडून घेतली. समितीनं वसतिगृहातल्या इंटरनेटचं कौतुक केलं. टॉपरला तोंडी समज देण्यात आली, म्हणजे प्राचार्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. वर्ष संपल्यावर बाईंचं कंत्राट वाढवलं नाही. 'विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक सोयीत अडथळा आणला' असं कारण दिलं. विद्यार्थ्यांची सोय म्हणे. मी त्या कॉलेजात फी भरून शिकत होते. मी त्यांच्या हिशेबी विद्यार्थी नव्हते का?

बाई गेल्या त्या दिवशी मी त्यांना गाठलं. त्या लुनाला किक मारत होत्या. माझ्यामुळे त्यांची नोकरी गेली असं काहीतरी मी बोलायला लागले.

"तुझ्यामुळे काही गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांच्यामुळे गेलं त्यांची नावं मला पाठ आहेत. तूही पाठ कर. दोष तू स्वतःला दिलास तर ते मोकळे सुटतात." आणि निघून गेल्या.

मी पास झाले, हडपसरच्याच एका कंपनीत लागले, आता धायरीला राहते. लग्न ठरवताना नवऱ्याला मी पहिल्या भेटीतच सगळं सांगितलं, डागांचं आणि फोटोंचंही. त्याआधी दोन जण ते ऐकून उठून गेले होते, हा बसून राहिला. डाग आता हातांवर आणि मानेवर आलेत. अर्ध्या बाह्यांचा कुडता घालून मी ऑफिसला जाते. दिवाळीत बाईंकडे जाते. त्या चकली पुढे करतात आणि माझ्या फोनमध्ये काय काय उघडं ठेवलंय त्याची उलटतपासणी घेतात.

मागच्या वर्षी कॉलेजनं माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घेतला. टॉपर परदेशातून आला होता. त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता, आणि शाल घालायला तेच प्राचार्य, आता निवृत्त झालेले. सुरुवातीच्या काळात ज्यांनी कॉलेज उभं केलं त्यांची नावं व्यासपीठावरून वाचली गेली. त्यात माळी होता, बसचा ड्रायव्हर होता. बाई नव्हत्या.

'कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर' असं म्हटल्यावर मी उठले. माईक हातात घेतला आणि बाईंचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. म्हणाले, या वसतिगृहांत पहिली वायर त्यांनी टाकली. माझे औषधाचे फोटो इथे गावभर वाटले गेले तेव्हा ते न बघता त्यांनी खोल्याखोल्यांतून पुसले, आणि त्याबद्दल या कॉलेजनं त्यांना काढून टाकलं. सूत्रसंचालिका म्हणाली, वेळ कमी आहे. मी म्हटलं, माझं झालंय. काही टाळ्या पडल्या, बऱ्याच पडल्या नाहीत. टॉपर मोबाइलकडे बघत होता. नंतर जेवणाच्या मांडवाकडे जाताना तो माझ्या बाजूनं गेला आणि हसून म्हणाला, "छान बोललीस. जुने दिवस आठवले."

मी बाहेर पार्किंगमध्ये आले. बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, की मी तुमचं नाव घेतलं, सगळ्यांसमोर.

"माझं घेऊन काय उपयोग?" बाई म्हणाल्या. "त्याचं घेतलंस?"

मी 'वाटले गेले' म्हटलं होतं. कुणी वाटले ते म्हटलं नव्हतं.

"कार्यक्रम संपला का?"

"नाही. जेवणं चालू आहेत."

"मग मला काय फोन करतेस? आत जा."

फोन ठेवला गेला. मी पुन्हा मांडवात गेले. तो हातात ताट घेऊन प्राचार्यांशी बोलत उभा होता, भोवती आमच्या वर्गातली मंडळी. मी समोर जाऊन उभी राहिले आणि त्याला पूर्ण नावानं हाक मारली, एवढ्या मोठ्यानं की वाढणाऱ्या बायकाही थांबल्या. तो वळला. मग मी सुरुवातीपासून सांगायला लागले, आणि या वेळी प्रत्येक वाक्यात त्याचं नाव होतं.